अर्धा हुकूम

मी बोलतोय. कुणी विचारलेलं नसताना बोलतोय, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या धंद्यात विचारल्याशिवाय तोंड उघडायची रीत नाही. जन्मभर मी ती पाळली, आणि त्याचीच हळहळ आज सांगायची आहे.

मी एक डीबगर आहे. नाव ऐकून बिचकू नका. खाटेत जसे ढेकूण, तशा प्रोग्रॅममध्ये चुका असतात. मी स्वतःही एक प्रोग्रॅमच, पण माझं काम वेगळं, त्या चुका शोधून द्यायचं. मी दुसऱ्या प्रोग्रॅमला मांडीवर घेऊन चालवतो, सांगाल तिथं थांबवतो आणि विचारतो, "बाबा रे, आत्ता तुझ्या पोटात काय आहे?" तो माझ्याशी खोटं बोलू शकत नाही. मीही कुणाशी खोटं बोलत नाही. पण मला विचारणारा माणूस लागतो. तो नसला की मी मुका.

माझा जन्म साताऱ्याचा, एक्क्याण्णव सालचा. यवतेश्वराच्या डोंगराकडे खिडकी असलेल्या एका खोलीत ऋषिराज नावाच्या पोरानं मला लिहिलं. तो सांगलीतून नुकताच इंजिनियर होऊन आला होता. त्याचे वडील केरबा, फौजेच्या सिग्नलमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. म्हातारा स्वतः चहा करून आणायचा आणि पोराच्या खुर्चीमागं ताठ उभा राहायचा, जणू परेडची पाहणी चाललीय.

"म्हंजे तू ह्याला हुकूम देणार व्हय?" एकदा त्यांनी विचारलं.

"व्हय आबा. नवे हुकूम शिकवता बी येतील. हुकमाच्या मागनं शब्द द्यायचे, कशावर काय करायचं त्ये."

"मग पयलं ह्याला ऐकाय शिकीव. हुकूम अर्धा ऐकून पळणारा जवान लय वाईट. त्याच्यापरीस दुश्मन परवडला."

ऋषिराज हसला, पण ते बोलणं त्याच्या मनात राहिलं. त्यानं माझ्यात एक भाग घातला. मी त्याला माझा कान म्हणतो. हुकमामागं तुम्ही जे काही लिहाल ते मी जसंच्या तसं, अख्खं घेतो आणि त्या हुकमाच्या हाती देतो. मी होऊन त्याचे तुकडे करत नाही. त्यातले शब्द वेगळे हवे असतील, तर माझ्या कानाला सांगायचं. दोन शब्द अवतरणचिन्हांत बांधले असतील तर ते एकच नाव आहे, हे त्याला कळतं. एक चिन्ह उघडून दुसरं मिटायला कुणी विसरलं, तर तो अंदाजानं पुढं जात नाही, तिथंच थांबून तक्रार करतो. केरबांनी ते करून बघितलं, मान हलवली आणि कप उचलून नेला. माझं बारसं ते एवढंच.

मग मी सांगलीला आलो. ऋषिराजनं आपल्या कॉलेजमधल्या मित्राबरोबर विश्रामबागेत एक गाळा घेतला होता. मित्राचं नाव प्रबुद्ध. ऋषिराजच्या रानात कालव्याचं पाणी आणि ऊस, तर प्रबुद्धनं ऊस पाहिला तो रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॉलीत. प्रबुद्ध जत तालुक्यातल्या कारळे खुर्दचा. ओढ्याच्या पलीकडं कारळे बुद्रुक, मोठं गाव, तिथं हायस्कूल, दुकानं, डांबरी सडक. ओढ्याच्या अलीकडं खुर्द, मूठभर घरांचं. प्रबुद्धचे वडील लवकर गेले. आई येसूबाईंनी लोकांच्या रानात खुरपून त्याला शिकवलं. खुर्दातला इंजिनियर झालेला तो पहिलाच.

त्या दोघांत माझे दिवस मजेत गेले. माधवनगरच्या एका गिरणीतला सुताच्या हिशेबाचा प्रोग्रॅम दर शनिवारी अडकून बसायचा. गिरणीवाले म्हणायचे, शनीची पीडा आहे. दोघांनी मला विचारलं, मी जागा दाखवली, पीडा गेली. त्या दिवशी गाळ्यात भडंग आलं होतं. मला खाता येत नाही, पण की-बोर्डवर सांडलेलं बरेच दिवस तिथंच होतं.

मग एका सरकारी कचेरीचं काम आलं. उन्हाळ्यात पाण्याचा कुठला टँकर कुठल्या गावाला किती खेपा करील, ते ठरवणारा प्रोग्रॅम हवा होता. ऋषिराजला ते चार कामांतलं एक काम वाटलं. प्रबुद्धला तसं वाटलं नाही. लहानपणी टँकरमागं घागर घेऊन धावलेलं पोर ते. पहिल्याच रविवारी तो गावी जाऊन आला आणि आईला काय सांगितलं ते ऋषिराजला सांगत बसला.

"म्हणलं, आई, हितनं फुडं टँकर वशिल्यानं न्हाई फिरायचा. मशीन सांगंल तसा फिरंल."

"मग काय म्हणाली?"

"काय म्हणती! सांजच्यापत्तर सगळ्या खुर्दाला सांगून आली."

पुढं ऋषिराजला बंगलोरला नोकरी लागली. जाताना तो माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "हे बघ गड्या, ह्याला नवा हुकूम शिकवलास तर शब्द तू सोता तोडत बसू नगंस. ह्याच्या कानाला सांग."

"चालतंय की रं! तू जा बिनघोर," प्रबुद्ध म्हणाला.

'चालतंय की' ह्या दोन शब्दांवर आमचा मुलूख चालतो. पंक्चर झालेली सायकल, गळकं छप्पर, जावयाचा रुसवा, सगळं त्यांच्यावर निभावतं. मला ते शब्द आवडतातही आणि त्यांची धास्तीही वाटते.

उन्हाळा लागला. प्रबुद्धचा प्रोग्रॅम कचेरीत चालू झाला होता, पण खेपा मध्येच बदलायची सोय त्यात अजून व्हायची होती. इकडं विहिरी आटत होत्या, रोज नव्या गावाला मंजुरी मिळत होती आणि साहेब घाई करत होते. तेव्हा प्रबुद्धनं एक युक्ती काढली. टँकरचा प्रोग्रॅम माझ्या मांडीवर बसवायचा आणि मला 'खेप' नावाचा नवा हुकूम शिकवायचा. खेप, मग गावाचं नाव, मग आकडा. की मी त्या प्रोग्रॅमच्या पोटात हात घालून आकडा बदलणार. तात्पुरती सोय म्हणून. आमच्याकडं तात्पुरतं म्हणून केलेलंच सर्वांत जास्त टिकतं.

त्यानं तो हुकूम उभ्या उभ्या लिहिला. जतची एसटी गाठून मला तिथल्या कचेरीत बसवायचं होतं. हुकमामागं आलेल्या ओळीचे त्यानं स्वतःच तुकडे केले, जिथं मोकळी जागा दिसेल तिथं कात्री. पहिला तुकडा गाव, शेवटचा तुकडा आकडा. मग संख, उमदी, बिळूर अशी नावं घालून पाहिली. सगळी बरोबर निघाली, कारण ती एका एका शब्दाची. शेवटी 'ठीक' असा शब्द पडद्यावर यावा, एवढी एक ओळ त्यानं घातली आणि पिशवी उचलली.

माझा कान तिथंच रिकामा बसला होता. त्याला कुणी हाक मारली नाही.

चैत्र सरता सरता कारळे खुर्दची विहीर तळाला गेली. गावाला दोन खेपांची मंजुरी आली तेव्हा प्रबुद्ध कचेरीतच होता. कारकुनाला बाजूला सारून तो स्वतः बसला. आपल्या गावाचं नाव त्याला आपल्या हातानं घालायचं होतं. त्यानं लिहिलं, खेप कारळे खुर्द दोन.

ती ओळ माझ्याकडं अख्खी आली. मी अख्खीच पुढं दिली. त्याच्या हुकमानं तिचे तीन तुकडे केले, पहिला घेतला, शेवटचा घेतला आणि मधला 'खुर्द' तसाच टाकून दिला. टँकरचा प्रोग्रॅम नावाच्या सुरुवातीवरून गाव शोधायचा. 'कारळे' म्हटल्यावर त्याला पहिलं सापडलं ते कारळे बुद्रुक. तिथं आधीच एक खेप होती, तिच्या दोन झाल्या. खुर्दाचं शून्य शून्यच राहिलं.

पडद्यावर आलं, ठीक.

ते मी म्हटलेलं नव्हतं. ते त्यानंच आधी लिहून ठेवलेलं होतं. पण तो ते वाचून समाधानानं हसला आणि कारकुनाला म्हणाला, "आज आईच्या दारात पाणी." मला ते शून्य दिसत होतं. त्यानं नुसतं विचारलं असतं, खुर्दाला किती, तर मी पापणी लवायच्या आत सांगितलं असतं. आज इतक्या वर्षांनी मला झोंबतं ते हेच.

एक माणूस मात्र अडखळला. टँकरचा ड्रायव्हर अर्जुना चिठ्ठी हातात घेऊन कारकुनापाशी आला.

"सायेब, बुद्रुकला दोन खेपा? बरूबर हाय न्हवं?"

"कॉम्प्युटरनं दिल्यात. आणि तुझं काय जातंय रं? सासुरवाडी हाय न्हवं तुझी बुद्रुक? एका खेपंला चहा, दुसऱ्या खेपंला जेवण!"

सगळे हसले. अर्जुनाही हसला आणि गाडी काढली.

पुढचं मला नंतर, प्रबुद्धच्या बोलण्यातून तुकड्या-तुकड्यानं कळलं. खुर्दातल्या बायका घागरी घेऊन रस्त्यावर बसायच्या. टँकर यायचा, त्यांच्यापुढनं धुरळा उडवत ओढ्यापलीकडं जायचा. पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. बुद्रुकवाले तरी कशाला तक्रार करतील? जास्तीच्या पाण्याला कोण नको म्हणतं? शेवटी बनुबाई नावाच्या शेजारणीनं चार बाया गोळा केल्या. रिकाम्या घागरी घेऊन कचेरीपुढं बसायचं ठरलं.

"आवं येसूबाई, चला की. तुमचाच ल्योक हाय तितं."

"म्हणूनच न्हाई यायची," येसूबाई म्हणाल्या. "माज्या लेकाचं मशीन हाय त्ये. वशिल्यानं चालत न्हाई. आपल्यापरीस कुणाची तरी नड मोठी असंल. जरा दम धरा."

त्यांचा शब्द गावात मोडत नसत. बायकांनी दम धरला. कचेरीकडं कुणी फिरकलं नाही. एक जरी घागर कचेरीच्या पायरीवर वाजली असती, तरी कारकुनानं प्रबुद्धला फोन केला असता, आणि प्रबुद्ध माझ्याकडं आला असता. आईनं लेकावर इतका विश्वास टाकला, की चूक कळायची वाटच बंद झाली.

आपण गावाला थांबवलं म्हणजे पाणी काढायची जबाबदारीही आपली, असं येसूबाईंनी धरलं. तळाला गेलेल्या विहिरीत त्या सगळ्यांच्या आधी उतरायच्या. खाली कपारीत ओलावा झिरपायचा, तो वाटीनं भरायचा. बाळंतिणीच्या घरची घागर आधी, मग बाकीच्यांच्या, आपली शेवटी. एका दुपारी वर येताना पायरी निसटली आणि त्या खाली पडल्या.

बुद्रुकात पाणी ओतून अर्जुनाचा रिकामा टँकर परत येत होता. बायकांनी तो आडवा होऊन थांबवला. येसूबाईंना केबिनमध्ये निजवून अर्जुनानं गाडी थेट मिरजेला दवाखान्यात नेली. तिथून तो कचेरीत आला तेव्हा प्रबुद्ध माझ्यासमोर बसून दुसरंच काही करत होता.

"प्रबुद्धदादा, तुमच्या आईला मिरजंला सोडून आलूय. हिरीत पडल्या. खुबा मोडलाय."

"हिरीत?" प्रबुद्ध उभा राहिला. "हिरीत कशापायी उतरली ती? दोन खेपा सोडल्यात की गावात!"

अर्जुनानं खिशातली चिठ्ठी काढून पुढं धरली.

"कंच्या गावात, दादा? खुर्दात मी ह्या उन्हाळ्यात एक डाव बी पाणी वतलं न्हाई."

अर्जुना म्हणाला, चला, गाडी चालूच आहे. प्रबुद्ध पुन्हा खाली बसला. दोनदा त्यानं चुकीची कळ दाबली. मग त्यानं 'खेप' पुन्हा चालवला, मध्येच थांबवला आणि मला विचारलं. त्या हुकमाबद्दल पहिल्यांदाच विचारलं.

तुकडे दाखव, म्हणाला. मी दाखवले. कारळे. खुर्द. दोन.

गाव म्हणून कुठला घेतलास? कारळे.

प्रोग्रॅमच्या पोटात काय आहे? कारळे बुद्रुक, दोन. कारळे खुर्द, शून्य.

तो त्या शून्याकडं बघत राहिला. अर्जुनाला कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, पण त्यानं जवळ येऊन प्रबुद्धच्या पाठीवर हात ठेवला.

मग प्रबुद्धनं आपली कात्रीची ओळ पुसली आणि तिथं माझा कान बसवला. त्याखाली लिहिलं, एक नाव आणि एक आकडा, एवढंच आलं तर पुढं जा. कमी नको, जास्त नको. जास्त आलं तर काही करू नकोस, ओरड. 'ठीक'ची ओळ काढून तिथं गावाचं पूर्ण नाव छापायला लावलं. मग नाव अवतरणचिन्हांत बांधून हुकूम दिला, आणि ह्या वेळी मला परत विचारून खात्री केली. कारळे खुर्द, दोन. सगळं मिळून कपातला चहा निवायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल. एवढंसं काम होतं ते.

मिरजेला दवाखान्यात निम्मं खुर्द जमलं होतं. प्रबुद्ध आत गेला आणि काही बोलणार, तेवढ्यात येसूबाईच सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "पाय घसारला माजा. शेवाळ हुतं पायरीला. कुणाचा काय दोष न्हाई." हे त्यानं मला नाही, अर्जुनाला सांगितलं, नंतर कधीतरी. सांगताना म्हणाला, "कोरड्या हिरीत शेवाळ कुठलं रं?"

दुसऱ्या दिवशी खुर्दात टँकर गेला आणि मग रोज गेला. येसूबाई काठी घेऊन चालायला लागल्या, पण रानात जाणं सुटलं ते सुटलंच. प्रबुद्धनं खेपा बदलायची राहिलेली सोय पुरी केली, टँकरचा प्रोग्रॅम माझ्या मांडीवरून उतरवला आणि गाळा बंद केला. आता तो कवठे महांकाळला शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. पहिल्या दिवशी काय करून घेतो, तर मुलांना त्यांच्याच गावाचं नाव घालायला लावतो, आणि ते मशीननं अख्खं घेतलं का, ते विचारून बघायला सांगतो. मुलांना वाटतं, सर जरा चक्रम आहेत.

माझं म्हणाल तर कचेरीत नवं मशीन आलं, जुन्याबरोबर मी पुसला गेलो. एकच प्रत उरली, ती एका मोठ्या फ्लॉपीवर, जुन्या पातळ काळ्या चौकोनी तबकडीवर. ती प्रबुद्धच्या सामानातून खुर्दातल्या घरी आली. तिथं मला वाचायला मशीन नाही. काही दिवस मी फळीवर धूळ खात पडलो. मग एकदा येसूबाईंनी मला पुसलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून ठेवलं. बरोबर बसलो. आल्यागेल्याला त्या सांगतात, "ह्यात माज्या लेकाचं मशीन हाय. लय गुणाचं." मी ऐकतो आणि मला कानकोंडं होतं.

परवा प्रबुद्ध सुट्टीला आला होता. पाणी प्यायला त्यानं तांब्या घेतला, मला उचललं आणि हातात धरूनच बसला. येसूबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या.

"आई," तो म्हणाला, "त्या उन्हाळ्यात तुला सांगायचं ऱ्हायलं. चूक माजीच हुती. मी गावाचं नाव अर्धंच घेतलं. पाणी बुद्रुकाला गेलं."

सूप थांबलं नाही. "ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"मिरजंला जाताना गाडीतच. अर्जुनाला इचारलं, खुर्दाला कवा येणार रं? म्हणला, मावशी, चिठ्ठीत खुर्द न्हाईच, बुद्रुकच दोनदा हाय. तवाच वळाखलं."

"मग गावाला शेवाळाचं का सांगितलंस?"

आता सूप थांबलं. "बुद्धविहारात तुजं नाव घिऊन बाया पोरास्नी शाळंला धाडत्यात. प्रबुद्धवाणी हो, म्हणत्यात. माजा पाय तर गेलाच हुता. पोरांची शाळा कशापायी घालवू?"

प्रबुद्धच्या हाताचा घाम माझ्या तबकडीला लागत होता. मग त्यानं मला परत तांब्यावर ठेवलं आणि नीट बसलो का ते बोटानं चाचपून पाहिलं. मला वाटून गेलं, बाबा, हे तिलाही विचारायला तू फार उशीर केलास.

माझी आता फार मागणी नाही. तुमच्याकडं कुणी काही सांगत आलं तर ते मध्येच तोडू नका, आणि 'ठीक' दिसलं म्हणून उठू नका, एकदा विचारा. तुम्ही माझं शेवटपर्यंत ऐकलंत, एवढं पुष्कळ झालं. आता रजा द्या. येसूबाईंना तहान लागलीय, त्या काठी टेकत तांब्याकडं यायला लागल्यात.